पहिली बादली

आमच्या घरात पहाटेचा गजर घड्याळाचा नसतो, नळाचा असतो. साडेपाचच्या सुमारास मोरीतला नळ आधी फुसफुसतो, मग दोन-चार उचक्या देतो आणि खोकल्याची उबळ यावी तशी चहाच्या रंगाची धार बादलीत पडते. "पहिली बादली झाडांना," हा आमच्या सासूबाईंनी घालून दिलेला नियम. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली, पण तो नियम मोडायची हिंमत घरात कोणाची झाली नाही. दुसऱ्या बादलीपासून पाणी निवळते. मग हंडा, कळशी, पिंप असे सगळे भरून होते आणि तासाभराने "गेलं का पाणी?" "गेलं!" असा पुकारा मजल्यामजल्यावर होतो.

काही वर्षांपूर्वी समोरच्या काकूंनी मला जिन्यात थांबवून हळूच विचारले, "वहिनी, तुमच्याकडेही वास येतोय का हो पाण्याला?" येत होता. चांगला दोन दिवस येत होता. त्या पाणी उकळून पीत होत्या आणि मीही उकळूनच पीत होते. पण दोघींनी एकमेकींना सांगितले नव्हते. मग तक्रार करणे तर दूरच! त्या आठवड्यात इमारतीतली तीन मुले जुलाबांनी अंथरुणाला खिळली. पुढे रस्ता खणला गेला, गटाराच्या शेजारचा कुजलेला पाइप बदलला, मुले बरी झाली आणि विषय संपला. माझ्या मनातून मात्र एक प्रश्न जाईना. धरणातून निघालेले पाणी शुद्धीकरण केंद्रात गाळून, निवळून, औषध घालून सोडतात. मग ती पहिली बादली रोज घाण का?

उत्तर तसे सोपे आहे, पण ते आपल्याला कोणी सांगत नाही. जमिनीखालच्या जलवाहिनीत पाणी दाबाने धावत असते तेव्हा तिला बारीकसारीक भोके असली तरी पाणी आतून बाहेर गळते. बाहेरचे आत येत नाही. पाणी बंद झाले की हा दाब जातो. वाहिनी रिकामी होत जाते आणि मग तीच भोके उलट्या दिशेने काम करू लागतात. आजूबाजूच्या ओल्या मातीतले पाणी, शेजारून जाणाऱ्या सांडपाण्याच्या वाहिनीतली गळती, हे सारे हळूहळू आत झिरपते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की ही सगळी रात्रभराची जमा सर्वांत आधी आपल्या बादलीत येते. त्यात आपल्यापैकी कोणी नळाला थेट मोटर लावली, तर ती मोटर नुसते पाणी ओढत नाही, वाहिनीबाहेरची घाणही आत ओढते. शेजाऱ्याचे पाणी पळवतो म्हणून आपण मोटरवाल्याला नावे ठेवतो. पण तो त्याच्या आणि आपल्या दोघांच्याही घरात काय आणतो, याचा विचार करीत नाही.

म्हणजे रोज तास-दोन तास पाणी देण्याची आपल्याकडची पद्धत ही नुसती गैरसोय नाही, तो आरोग्याचा प्रश्न आहे. आणि तो किती गंभीर होऊ शकतो, हे 2025 च्या जानेवारीत पुण्याने पाहिले.

सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड, नांदोशी या भागांतून एकामागून एक रुग्ण रुग्णालयात येऊ लागले. आधी दोन-चार दिवस पोट बिघडलेले, मग पायांत मुंग्या, मग उभेच राहता येईना. काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागले. गिलेन बॅरे सिंड्रोम हे अवघड नाव घरोघरी पोचले. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 1916 साली वर्णन केलेला हा आजार एरवी लाखात एखाद्या-दुसऱ्याला वर्षभरात होतो. इथे काही आठवड्यांत संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. बहुतेक जण बरे झाले, पण काहींना प्राण गमवावे लागले.

हा आजार स्वतः पाण्यातून येत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे. पाण्यातून किंवा अन्नातून येतो तो कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा जीवाणू. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत तो सापडला, काहींत नोरोव्हायरसही सापडला. कोंबड्यांच्या आतड्यात हा जीवाणू बिनबोभाट राहतो, माणसाच्या पोटात गेला की जुलाब होतात. बहुतेकांचे एवढ्यावर भागते. पण या जीवाणूच्या बाहेरच्या आवरणातले काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. जंतूशी लढायला निघालेली शरीराची फौज मग एखाद्याच्या बाबतीत फसते आणि स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जाते. हजारात एखाद्याला असे होते. आता या हिशेबाने पाहा. एकाच परिसरात इतके रुग्ण दिसले, तर नुसती पोटे बिघडलेली माणसे किती असतील? त्यांची मोजदाद झाली नाही, कारण जुलाब झाले म्हणून आपल्याकडे कोणी नोंद करीत नाही. "काहीतरी बाधलं असेल," म्हणतो आणि साखर-मिठाचे पाणी पिऊन कामाला लागतो.

ही गावे कोणती, तेही पाहण्यासारखे आहे. धायरी 2017 साली पुणे महापालिकेत आली. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी ही 2021 साली आलेल्या तेवीस गावांपैकी. गावांच्या जागी बघता बघता इमारती झाल्या, लोकसंख्या फुगली, कराची बिले आली. पण जमिनीखालचे शहर त्या वेगाने आले नाही. विहिरीचे पाणी, टँकर, खासगी शुद्ध पाण्याचे जार, बोअरवेल असा सगळा संसार. खडकवासल्याच्या काठाला खेटून राहायचे आणि गाळलेल्या पाण्याची वाट पाहायची! ज्या पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तळ्यातून दगडी नळांनी हौदाहौदात पाणी खेळवले होते, त्याच पुण्याच्या वेशीवर ही तऱ्हा.

पाण्यात औषध टाकतात म्हणजे काय करतात, याचीही आपल्याला नीट कल्पना नसते. हे औषध म्हणजे क्लोरीन. तो दोन कामे करतो. शुद्धीकरण केंद्रात असलेले जंतू मारतो, हे पहिले. आणि त्यातला थोडा शिल्लक राहून पाण्यासोबत आपल्या नळापर्यंत चालत येतो, वाटेत काही शिरलेच तर त्याचा समाचार घेतो, हे दुसरे. सोबत दिलेल्या राखणदारासारखा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा आतड्यातला जंतू एकही असता कामा नये आणि नळाच्या पाण्यात लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. पण पाणी गढूळ असले की राखणदार गाळाशी झुंजण्यातच खर्ची पडतो. वाटेत गळती मोठी असली तरीही तेच. म्हणून केंद्रावर क्लोरीन किती टाकला याला फारसा अर्थ नाही. शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या घरी तो किती उरला, याला अर्थ आहे. नळाच्या पाण्याला औषधाचा किंचित वास आला की आपण नाक मुरडतो. खरे तर तो वास यायला हवा. न आला तर काळजी करायला हवी.

याबाबतीत आमच्या गावाकडची मंडळी आपल्यापेक्षा जाणती, असे मला कधी कधी वाटते. ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर आणि ओटी टेस्ट हे शब्द अगदी म्हाताऱ्या बायकांनाही ठाऊक असतात. जलसुरक्षक टाकीत पावडर टाकतो आणि मग नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब घालून पाहतो. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, पाणी पांढरेच राहिले तर नाही. पाण्याच्या स्रोताची पाहणी करून गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. अर्थात तिथेही गोम असते. ताज्या टीसीएलमध्ये तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण पोते उघडे, दमट जागेत पडून राहिले की तो उडून जातो. मग पावडर टाकल्याची नोंद वहीत होते, पाण्यात मात्र चुन्याशिवाय काही पडत नाही.

क्लोरीन म्हणजे सर्वस्व नव्हे, हाही धडा आपल्या देशानेच जगाला दिला आहे. 1955 साली यमुनेच्या पुरानंतर नजफगढ नाल्याचे सांडपाणी दिल्लीच्या वजिराबादच्या पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत आले. पाणी खराब झाल्याचे ओळखून क्लोरीन वाढवण्यात आला. त्यामुळे टायफॉइड, हगवण यांची साथ आली नाही. पण डिसेंबर 1955 ते जानेवारी 1956 या काळात दिल्लीत सुमारे 29 हजार माणसे काविळीने पिवळी पडली. जीवाणू मेले, विषाणू निसटला. तो विषाणू नेहमीच्या काविळीचा नव्हता, हे कळायला पंचवीस वर्षे जावी लागली. आज त्याला हिपॅटायटिस ई म्हणतात आणि गरोदर बायकांना तो फार भारी जातो. आपल्या इचलकरंजीलाही 2012 साली काविळीच्या साथीचा तडाखा बसला. तात्पर्य, नदीत घाण सोडायची आणि वरून औषध ओतायचे, हा हिशेब फार दिवस जुळत नाही.

मग आपण मध्यमवर्गीय काय करतो? भिंतीवर यंत्र लावतो. दुकानदार एक छोटी पेनासारखी वस्तू पाण्यात बुडवतो, आकडा दाखवतो आणि आपण घाबरतो. तो आकडा विरघळलेल्या क्षारांचा असतो, जंतूंचा नव्हे! क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असलेले पाणी मानकात अगदी चांगले समजले जाते, आणि सह्याद्रीच्या पावसाने भरलेल्या धरणाच्या पाण्यात क्षार मुळातच थोडे. अशा ठिकाणी आरओ यंत्राची गरज नसते. उलट ते भरपूर पाणी मोरीत वाहून घालवते. म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादाने 2019 साली, जिथे क्षार 500 पेक्षा कमी तिथे आरओवर बंदी घालावी, असे सांगितले होते. बोअरचे खारे पाणी, फ्लोराइडचे किंवा नायट्रेटचे पाणी असेल तर गोष्ट वेगळी. विदर्भ-मराठवाड्यात फ्लोराइडने दात आणि हाडे खराब झालेली गावे आहेत, आणि ते पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट आटून वाढतो. म्हणजे आपल्या पाण्यात काय आहे हे कळल्याशिवाय उपाय करणे म्हणजे रोग न विचारता औषध घेण्यासारखे आहे.

आणि यंत्राचा आणखी एक तोटा मला जास्त खुपतो. ज्याच्या भिंतीवर यंत्र आले, तो पाण्याविषयी बोलायचा थांबतो. आमच्या इमारतीत वास आला तेव्हा आम्ही दोघी गप्प का राहिलो? कारण आमची सोय झाली होती. आमच्याकडे गॅस होता, पातेले होते, वेळ होता. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाई मात्र तेच पाणी तसेच पीत होत्या. खालच्या वस्तीत पिण्याचे पाणी उकळायला रोज गॅस जाळणे परवडते कोणाला? जो बोलू शकतो त्याला बोलायची गरज उरत नाही, आणि ज्याला गरज आहे त्याचे ऐकतो कोण?

ऐकत नाहीत हे फक्त आपल्याकडचेच नाही म्हणा. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने खर्च वाचवण्यासाठी 2014 च्या एप्रिलमध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि पाइप गंजू नयेत म्हणून घालायचे औषध घातले नाही. जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरले. आयाबाया तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होत्या आणि पाणी सुरक्षित असल्याचे त्यांना सांगितले जात होते. अखेर बाहेरच्या विद्यापीठाने घरोघरचे पाणी तपासले, तिथल्याच एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे पुढे ठेवले, तेव्हा 2015 च्या ऑक्टोबरात जुना स्रोत पुन्हा सुरू झाला. त्या बाया मात्र पहिल्यापासून खरे सांगत होत्या. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती, फक्त बाटली होती.

आमच्या इमारतीत त्या घटनेनंतर काही गोष्टी बदलल्या. खालची आणि वरची टाकी ठरल्या दिवशी धुतली जाते आणि तारीख जिन्यातल्या फळ्यावर लिहिली जाते. टाकीचे झाकण घट्ट बसते. नळाला थेट मोटर लावायची नाही, असे बैठकीत ठरले. त्यावरून बरीच वादावादी झाली, पण ठरले. क्लोरीन तपासायची एक छोटी पेटी आम्ही वर्गणीतून आणली. दर रविवारी समोरच्या काकूंचा नातू आणि माझी नात तळमजल्याच्या नळाचे पाणी घेऊन थेंब टाकतात, आणि तपासलेले पाणी न विसरता मोरीत ओततात, कारण ते प्यायचे नसते. रंग उमटला नाही की त्याच दिवशी लेखी तक्रार जाते आणि तिचा क्रमांक फळ्यावर चढतो. पाणी येताना गढूळ असेल तर खळखळून उकळून घ्यायचे, आणि तसा निरोप खालच्या वस्तीतही पोचवायचा, हे काम काकूंनी आपणहून घेतले आहे.

यातून शहराच्या जलवाहिन्या बदलणार नाहीत, हे मलाही कळते. ते काम पालिकेचे, सरकारचे, आणि पैशांचे. पण कुठली वाहिनी आधी बदलायची हे कळायला तरी कोणीतरी सांगावे लागते, आणि ते नळाखाली बादली लावणाऱ्याइतके लवकर दुसऱ्या कोणाला कळत नाही.

पहिली बादली आम्ही अजूनही झाडांनाच घालतो. सासूबाईंचा नियम तेवढा पाळला जातो. फक्त आता ती ओतण्याआधी दिव्याखाली धरून आधी नीट पाहतो, वास घेतो, आणि काही वेगळे वाटले तर समोरचे दार वाजवतो. "काकू, तुमच्याकडेही येतंय का हो?" एवढेच विचारायला त्या वेळी आम्हाला दोन दिवस लागले होते. आता दोन मिनिटे लागतात.