माशी बसत नाही म्हणून संशय?

आपल्या परभणीला समुद्र नाही, पण येलदरीच्या जलाशयातली रोहू, कटला आपल्या आठवडी बाजारात येते. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईची अर्धी पाटी दुपारपर्यंत नासली. पुढच्या बाजाराला तिनं भरपूर बर्फ घातला, मासा कडक राहिला. तर गिऱ्हाईक म्हणालं, "माशी बसत नाही, औषध लावलं असेल!" ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणून आज याच विषयावर बोलू.

मासा मेला की त्याच्या कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जंतू वाढू लागतात. ऊन जेवढं कडक, तेवढे ते झपाट्यानं वाढतात. बर्फानं जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. म्हणून जेवढा मासा तेवढा बर्फ घ्यायचा. एक थर बर्फाचा, एक माशाचा, वर पुन्हा बर्फ. पेटीला खाली भोक ठेवायचं, म्हणजे वितळलेलं घाण पाणी निघून जातं. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा. 2018 पासून महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आहे. निळा बर्फ स्वस्त मिळाला तरी मासळीवर टाकू नका.

आता औषधाचं. लोक म्हणतात ते फॉर्मालिन. प्रेतं टिकवायला ते वापरतात. खाण्याच्या पदार्थात त्याला परवानगी नाही. 2018 च्या जुलैमध्ये गोव्यात याच संशयावरून मोठी खळबळ उडाली आणि सरकारनं बाहेरच्या राज्यांतून येणारी मासळी काही दिवस बंद केली. तेव्हा प्रामाणिक विक्रेत्यांचाही धंदा बसला.

अशा वेळी संशोधन कामी येतं. कोचीला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था आहे, 1957 साली सुरू झालेली. तिथल्या शास्त्रज्ञांनी एक साधी कागदी पट्टी तयार केली. पट्टी माशावर घासायची, तिच्यावर द्रावणाचा थेंब टाकायचा आणि रंग बदलतो का ते बघायचं. काही मिनिटांत कळतं. नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर निकाल येईपर्यंत मासा विकून, खाऊन होतो.

पट्टी नसेल तर गिऱ्हाइकाला मासा उघडून दाखवा. ताज्या माशाचे कल्ले लालभडक, डोळे स्वच्छ आणि फुगीर असतात. मांस बोटानं दाबलं तर खड्डा लगेच भरून येतो. फॉर्मालिन मात्र नुसत्या नजरेनं खात्रीनं ओळखता येत नाही, हेही खरं सांगा.

आम्ही गटाच्या बचतीतून दोन थर्माकोलच्या पेट्या घेतल्या. शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तिथल्या तज्ज्ञांनी बाजारात येऊन पट्टीची तपासणी सर्वांसमोर करून दाखवावी, असा अर्ज आम्ही करणार आहोत. तुमच्या गटालाही सही करायची असेल, तर पुढच्या बैठकीला या. ताईची पाटी त्या दिवशी पहिली तपासू.