नन्जै, काळी आणि पाण्याची वाट

तमिळ ग्रामीण कथेचे भाषांतर करताना ‘नन्जै’साठी ‘बागायत’ आणि ‘पुन्जै’साठी ‘जिरायत’ असे प्रतिशब्द योजण्याचा मोह साहजिकच होतो. ते अगदीच चुकीचे नाहीत. परंतु जमिनीची पारख करणाऱ्याची दृष्टी त्यांत हरवते. ‘नन्’ म्हणजे चांगले, ‘पुन्’ म्हणजे हलके, आणि ‘चेय्’ म्हणजे शेत. पाणी पोहोचते ते शेत चांगले. मातीच्या रंगाचा वा पोताचा या शब्दांत उल्लेखही नाही. उलट घाटावरच्या मराठीत रंगच जमिनीचे नाव होऊन बसला आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) ‘काळी’ म्हणजे कसावयाची जमीन, तर ‘पांढरी’ म्हणजे गावठाण.

याचे कारण दख्खनच्या भूमीत आहे. अग्निजन्य खडक झिजून झालेली काळी माती चिकण असते. ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि धरलेले पाणी सहजी सोडत नाही. त्यामुळे ज्वारी-कापसाच्या प्रदेशात पाणी साचणे हा लाभ नसून दोष ठरतो. चिबड, पाणथळ, उपळट, चोपण हे सारे तक्रारीचे शब्द आहेत. फार ओली नाही, फार कोरडी नाही अशा मशागतयोग्य स्थितीला मराठीने ‘वाफसा’ हे स्वतंत्र नाव दिले, यातच निचऱ्याचे महत्त्व दिसते. मुंबई इलाख्यातील विंगेट, गोल्डस्मिड व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालानेही हीच दृष्टी स्वीकारली. काळीभोर, एकजीव, पावणेदोन हात खोल माती सोळा आण्यांची. पुढे एकेका दोषागणिक एकेक प्रत कमी. पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याखाली जाणे आणि झऱ्यांमुळे ओल फार असणे हे त्यांतील तीन दोष होत. कोकणातील खाचर आणि खाजण यांचा विचार मात्र निराळा करावयास हवा.

चेन्नईच्या परिसरातील, म्हणजे जुन्या चेंगलपट्टू प्रांतातील, जमीन तपासताना प्रश्नच बदलतो. येथील शेती एरींवर उभी राहिली. उताराला आडवा, चंद्रकोरीसारखा बांध. त्यातून शेताला पाणी देणारा ‘मदगु’. आणि जादा पाणी खालच्या एरीकडे सोडणारा सांडवा, ‘कलिंगल’. उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातील शिलालेखांत एरीची देखभाल करणाऱ्या समितीचा, ‘एरि-वारियम्’चा, उल्लेख येतो. ‘एरी’चे भाषांतर ‘तळे’ असे केले की ही साखळीच तुटते.

हा भेद मराठी व तमिळ या दोन भाषांमधील आहे असे मात्र समजू नये. कोविलपट्टीकडील ‘करिसल’ म्हणजे काळ्या मातीचाच प्रदेश. त्या भागातील बोलीचा कोश १९८२ मध्ये सिद्ध करणारे कि. राजनारायणन यांच्या कथांना मराठीची ‘काळी’ सहज जवळची वाटेल.

जमीन प्रत्यक्ष पाहणाऱ्यालाही या शब्दविचाराचा उपयोग आहे. कमरेइतका खड्डा खणावा. मातीत करडी-निळसर झाक व तांबूस ठिपके दिसले, तर तेथे वर्षातील बराच काळ पाणी थांबते. खड्डा पाण्याने भरून ते किती वेळात जिरते तेही पाहावे. लव्हाळा माजला असेल तर तोही साक्ष देतो. परंतु चेन्नईजवळ मे महिन्यात घेतलेली ही परीक्षा अपुरी होय. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो, आणि तेव्हा प्रश्न मातीचा नसून वरच्या एरीच्या कलिंगलाचा असतो. म्हणून दप्तरात ‘एरी’, ‘ओडै’ (ओढा), ‘काल्वाय’ (कालवा) हे शब्द शेजारच्या गटांपुढे कोठे येतात, हे आधी वाचावे लागते. शहराने हे वाचन फारसे केले नाही. मैलापूरचा लांब तलाव १९२० च्या दशकात आटवून तेथे त्यागरायनगर वसविण्यात आले. डिसेंबर २०१५ मध्ये चेंबरंबाक्कम एरीतून सोडलेले पाणी अड्यार नदीतून काठावरच्या वस्त्यांत शिरले. त्या एरीचे नाव आज बहुधा पिण्याच्या पाण्याचा साठा म्हणूनच घेतले जाते.