कॅमेरा ढिम्म? थांबा, कोटेशन मागवू नका!

जॉयस्टिक डावीकडे, उजवीकडे. गेटवरचा फिरता कॅमेरा मात्र ढिम्म! आमच्या सोसायटीत हेच झालं. पार्किंगचा अर्धा कोपरा दिसेना आणि कमिटी निघाली नवा कॅमेरा घ्यायला. मी टेक्निशियनच्या मागे लागून सगळा फंडा समजून घेतला.

अशा अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याचं चित्र एका केबलमधून येतं. हुकूम जातो आरएस-४८५च्या दोन वेगळ्या तारांतून. म्हणून चित्र झकास, हालचाल शून्य!

आधी पॉवर बंद-चालू करा. कॅमेऱ्याने स्वतःहून गिरकी घेतली? म्हणजे मोटर ठणठणीत. आता तीन गोष्टी जुळवा: अ‍ॅड्रेस, बॉड रेट (२४००, ४८०० की ९६००) आणि प्रोटोकॉल (पेल्को-डी की पेल्को-पी). कॅमेऱ्यात एक आणि कंट्रोलरवर दुसरंच असेल, तर कॅमेरा हुकूम मानतच नाही. बहुतेक कंट्रोलर एररही दाखवत नाहीत. बॉस, गोची इथेच होते!

तरीही हलत नाही? पॉवर बंद करून ए आणि बी तारा उलट्या लागल्यात का, ते बघायला सांगा. आमच्याकडे तेच निघालं. स्क्रूड्रायव्हरची पाच मिनिटं, आणि मेंटेनन्सचे पैसे वाचले!