पाण्याची पातळी बदलते तेव्हा

नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर गर्दी हिवाळ्यात होते, पण तिथे पक्ष्यांच्या नोंदी करण्याचा आनंद फक्त हिवाळ्याचा नाही. तो बदलत्या पाण्याचा आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बंधारा झाला, गाळ साचला आणि बेटं, दलदल, उथळ पाणी असा पसारा तयार झाला. इथे कोणता पक्षी कुठे दिसेल, हे पाण्याची खोली ठरवते. शेकाट्याला लांब पाय बुडतील एवढंच पाणी लागतं, थापट्या पृष्ठभागावरून चोच फिरवत अन्न गाळतो, पाणकावळा खोल बुडी मारतो. पाणी वीतभर उतरलं की उघड्या चिखलातले किडे टिपायला तुतवार येतात. पावसाळ्यात हिवाळी पाहुणे नसतात, पण तेव्हाच कमळपक्ष्याचा नर तरंगत्या पानांवर अंडी उबवतो. मादी त्या कामात नसतेच! हे टिपणाऱ्याला कंटाळा यायला सवड कुठली?

बंधारा माणसाचा, मग निसर्ग कसला, असा आक्षेप असतो. पण पाणथळींच्या रक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या व्याख्येत कृत्रिम पाणथळीही येतात, आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून २०२० मध्ये याच जागेची घोषणा झाली. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पाणी मुळात शेतीसाठी अडवलेलं, त्यामुळे पातळी पक्ष्यांच्या सोयीनं ठरत नाही. हे मान्यच. म्हणूनच पातळी आणि पक्षी यांची बारमाही नोंद मोलाची. पाणी कधी सोडावं या चर्चेत पाणथळीची बाजू त्याच आधारावर मांडता येते.