बीडचा भूगोल आणि भूगोलातील पदव्युत्तर शिक्षण

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाला दोन वाटा फुटतात. सौताड्याच्या धबधब्यावरून कोसळणाऱ्या विंचरणेचे पाणी सीना आणि भीमा या नद्यांमार्गे कृष्णेला जाऊन मिळते, तर त्याच तालुक्यात उगम पावणारी मांजरा पूर्वेकडे वाहत जाते, पुढे उत्तरेकडे वळते आणि सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीत विलीन होते. एका तालुक्यातील पाणी दोन मोठ्या खोऱ्यांत का विभागले जाते आणि या विभागणीचा तेथील माती, विहिरी, पिके व माणसांच्या उपजीविकेशी काय संबंध असतो, हे मोजमाप आणि पुराव्याच्या आधारे शोधण्याचे शिक्षण भूगोलाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मिळते. पदवीपर्यंत विद्यार्थी मुख्यतः उपलब्ध ज्ञान समजून घेतो. पदव्युत्तर स्तरावर मात्र त्याने स्वतः प्रश्न मांडून त्याचे उत्तर शोधावे, अशी अपेक्षा असते.

बीड जिल्ह्यातील कला व विज्ञान महाविद्यालये छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ म्हणून स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा १९९४ मध्ये नामविस्तार झाला. एम.ए. किंवा एम.एस्सी. ही पदवी सर्वसाधारणपणे दोन वर्षांची, म्हणजे चार सत्रांची असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची पुनर्रचना झाली असून, पहिले वर्ष पूर्ण करून थांबणाऱ्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. अभ्यासाचे मोजमाप श्रेयांकांत होते. व्याख्यानांच्या विषयात साधारण पंधरा तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक धरला जातो. नव्या रचनेत संशोधन पद्धती, कार्यानुभव आणि संशोधन प्रकल्प यांना स्वतंत्र स्थान मिळाले आहे.

अभ्यासक्रमाचा पाया भूरूपशास्त्रात, म्हणजे डोंगर, दऱ्या, पठारे आणि मैदाने कशी घडतात याच्या अभ्यासात असतो. बीडचा बहुतांश भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांचा, म्हणजे बेसाल्ट खडकाचा बनलेला आहे. हे थर सारखे नसतात. अखंड काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ मुरत नाही; भेगा पडलेल्या, झिजलेल्या किंवा सच्छिद्र थरांत ते साठते, आणि विहीर खोदणारे कारागीर ज्याला मुरूम किंवा मांजऱ्या म्हणतात, त्या थरांचे महत्त्व यामुळेच असते. एका शेतातील विहीर उन्हाळ्यातही तग धरते आणि शेजारच्या शेतातील बोअर कोरडी जाते, याचे कारण बहुधा खडकाच्या या रचनेत सापडते. बीड शहराजवळची सोळाव्या शतकातील खजाना विहीर भूजलाच्या अशाच सूक्ष्म जाणकारीची साक्ष देते. बालाघाटावरची हलकी, मुरमाड जमीन आणि गेवराई-माजलगाव भागातील गंगथडीची, म्हणजे गोदावरीकाठची, खोल काळी जमीन यांतील फरकही खडक, उतार आणि नदीने वाहून आणलेला गाळ यांच्या आधारे स्पष्ट करता येतो.

हवामानशास्त्राच्या अभ्यासात सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा विचार अपरिहार्य ठरतो. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर बरेचसे बाष्प टाकून पूर्वेकडे उतरतात, त्यामुळे घाटामागच्या प्रदेशात पाऊस कमी पडतो. या कमी पावसाच्या पट्ट्याला पर्जन्यछाया म्हणतात. बीड जिल्ह्यात पाऊस साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातो, म्हणून पश्चिमेकडील आष्टी आणि पूर्वेकडील अंबाजोगाई यांची शेती एका मापाने मोजता येत नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न पावसाच्या भरवशाचा आहे. अनेक वर्षांच्या सरासरीपासून दरवर्षीचा पाऊस किती दूर जातो, हे सांख्यिकीतील प्रमाण विचलनाने मोजता येते, आणि ते विचलन सरासरीच्या टक्केवारीत मांडले की वेगवेगळ्या तालुक्यांतील पावसाच्या अनिश्चिततेची तुलना करता येते. या अनिश्चिततेचे परिणाम २०१५ आणि २०१६ मध्ये तीव्रपणे दिसले: पाण्याअभावी परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रातील वीजनिर्मिती थांबली, आणि केज तालुक्यातील धनेगावचा मांजरा प्रकल्प आटल्यामुळे त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले.

नकाशा हे भूगोलाचे मुख्य साधन आहे. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे वाचणे, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषांवरून उतार ओळखणे आणि एखाद्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र आखणे, हे कौशल्य विद्यार्थ्याला आत्मसात करावे लागते. त्याला आता सुदूर संवेदनाची, म्हणजे उपग्रहाने टिपलेल्या प्रतिमांवरून भूपृष्ठाचा अभ्यास करण्याच्या तंत्राची जोड मिळाली आहे. निरोगी पीक तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोहोंतील फरकावरून पिकाची अवस्था ओळखता येते. भौगोलिक माहिती प्रणाली या संगणकीय पद्धतीत उतार, माती, विहिरी आणि लोकवस्ती यांचे नकाशे एकमेकांवर ठेवून त्यांचा परस्परसंबंध तपासता येतो. इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ, लँडसॅटच्या प्रतिमा आणि क्यूजीआयएस ही संगणक प्रणाली विनामूल्य उपलब्ध असल्याने, माजलगाव धरणाचा जलविस्तार ऑक्टोबरात आणि मे महिन्यात किती असतो, हे बीडमधील विद्यार्थीही आपल्या महाविद्यालयात बसून मोजू शकतो.

मानवी भूगोलाची शाखा माणूस आणि प्रदेश यांच्या संबंधाचा शोध घेते, आणि या दृष्टीने बीडमधील ऊसतोड मजुरांचे स्थलांतर हा अत्यंत महत्त्वाचा विषय आहे. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन, नवरा-बायकोचा ‘कोयता’ म्हणून जोडीने हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात व गाळप हंगाम संपल्यावर परततात. ई. जी. रॅव्हेनस्टाइन यांनी १८८५ मध्ये मांडलेल्या स्थलांतराच्या नियमांपासून हा अभ्यास सुरू होतो, पण कर्ज, कोरडवाहू शेती, मुलांची शाळा आणि स्त्रियांचे आरोग्य यांचा विचार केल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. लोकसंख्या भूगोलही असेच गंभीर प्रश्न समोर ठेवतो: जिल्ह्यातील शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ८९४ मुली होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८०७ पर्यंत घसरल्या. हा आकडा गावनिहाय नकाशावर मांडला की प्रश्न कोठे अधिक तीव्र आहे, हे प्रशासनालाही दिसू शकते.

या पदवीनंतर नेट किंवा सेट उत्तीर्ण होऊन सहायक प्राध्यापक पदासाठी पात्र होता येते, संशोधनाकडे वळता येते, आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत भूगोल वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. पाणलोट विकास, आपत्ती व्यवस्थापन, नगररचना आणि नकाशानिर्मिती या क्षेत्रांतही प्रशिक्षित भूगोलज्ञांची गरज असते. मात्र तेथे केवळ पदवी पुरेशी ठरत नाही, संगणकीय नकाशांवरील प्रत्यक्ष हातोटी आणि क्षेत्रकामाची सवय पाहिली जाते. ही सवय लावण्याची सर्वांत मोठी संधी संशोधन प्रकल्पात असते. तयार मजकुराची जुळवाजुळव करून पूर्ण केलेला प्रबंध विद्यार्थ्याला गुण देऊ शकेल, परंतु स्वतःच्या गावातील विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर मोजून, त्यांचा नकाशा काढून केलेला छोटा अभ्यासही त्याला संशोधक बनवतो आणि गावालाही उपयोगी पडतो.

बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पाणी, जमीन आणि स्थलांतर यांविषयीचे निर्णय रोज घेतले जातात, पण त्यांना आधार देणारी गावपातळीवरील माहिती अपुरी असते. ही उणीव स्थानिक विद्यार्थी भरून काढू शकतात, कारण शिवार, ओढे, भाषा आणि माणसे त्यांच्या परिचयाची असतात. म्हणून प्राध्यापकांनी प्रकल्पांचे विषय जिल्ह्यातील गरजांतून निवडावेत, ग्रामपंचायतींनी आपल्याकडील नोंदी अभ्यासासाठी खुल्या कराव्यात, आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी पूर्ण झालेला प्रबंध महाविद्यालयाच्या कपाटात न ठेवता त्याचे निष्कर्ष नकाशासह आपल्या गावाच्या ग्रामसभेसमोर मांडावेत.