पेटीवर चाल अखंड कशी वाजेल?

पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी गावांत, भजनाला पेटी हवीच. ती वाजविण्याची हौस आपल्यापैकी पुष्कळांना असते. सूर ओळखता येतात, चाल पाठ असते; तरीही मध्येच बोटे अडतात. एखादा सूर चुकला तर भजन पुढे जाते, पण पेटी थांबली की गाणारे आणि टाळकरी सारेच अडखळतात. म्हणून हा अडथळा कोठून येतो हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पेटी मूळची युरोपातील. तिच्यात प्रत्येक सुराची पट्टी वेगळी असल्याने मींड निघत नाही. नभोवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, त्यामागील आक्षेपांत हाही एक होता. १९७१ पासून ती बंदी सैल होत गेली. गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांच्यासारख्या वादकांनी मात्र याच पेटीला मैफलीत मान मिळवून दिला. सुरांना जोडण्याचे काम पेटी स्वतः करीत नाही. ते बोटांनी करावे लागते.

हात अडतो तो बहुधा सुरावर नव्हे, तर दोन सुरांच्या सांध्यावर. बोटे पाच आणि सप्तकातील सूर सात, म्हणून हात सरकवावाच लागतो. पांढरी एकमधून शुद्ध स्वर वाजविताना सा, रे, ग अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाने घ्यावेत. ग वाजत असतानाच अंगठा खालून म वर न्यावा. पुढे प, ध, नी आणि तार सा यांना उरलेली चार बोटे क्रमाने येतात. एकदा ठरविलेली बोटे रोज बदलू नयेत.

आता सरावाविषयी. जेथे अडते तेथील मागचे दोन व पुढचे दोन सूर तेवढेच घोटावेत. ओळीचा शेवट पुढच्या ओळीच्या पहिल्या सुराशी जोडून वाजवावा. दरवेळी आरंभापासून सुरुवात केल्यास आरंभ पक्का होतो आणि अंतरा कच्चा राहतो. म्हणून शेवटच्या ओळीपासून मागे मागे येत बसवावे. चुकले की मागे फिरून सुधारण्याची सवय वाईट, कारण हात ते थांबणेही शिकतो. ज्या लयीत अडत नाही तीच आपली आजची लय समजावी. भाताही प्रत्येक मात्रेला हिसका न देता संथ व सारखा चालवावा.

हे साधले की नाही याची कसोटी लेहऱ्यात आहे. तबल्याच्या स्वतंत्र वादनाला त्रितालाच्या सोळा मात्रांची एकच ओळ पेटी पुन्हा पुन्हा वाजवीत राहते, आणि तबलजी तिच्या भरवशावर समेला येतो. विद्यार्थी मित्रांनो, असा भरवसा ज्याच्या पेटीवर ठेवता येतो, त्याच्या साथीने गाणाराही निर्धास्त गातो.