धुक्याचा अंदाज: धावपट्टीवरून महामार्गावर

कोलकात्याच्या एस्प्लनेडहून, म्हणजेच धर्मतल्याच्या बसतळावरून, संध्याकाळनंतर सिलिगुडीच्या गाड्या सुटतात. कृष्णनगर, बहरमपूर, फरक्का, मालदा असा हा रात्रभराचा रस्ता. मैदानातल्या चालकाचा हिवाळ्यातला वैरी धुके.

निरभ्र रात्री जमीन भराभर निवते. तिला लगटून असलेली ओली हवा दवबिंदूपर्यंत थंड झाली की धुळीच्या आणि धुराच्या कणांवर सूक्ष्म थेंब धरतात. वारा जरा वाढला किंवा ढग आले, तर हाच डाव मोडतो. म्हणून धुक्याचे भाकीत अवघड.

हे भाकीत करणारे भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये कोलकात्यातच स्थापन झाले. १८६४ च्या चक्रीवादळाने या शहराची दैना केली होती. त्या धड्यातून हे खाते उभे राहिले. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय पुण्याला आले, पुढे दिल्लीला गेले. पुण्याशी नाते मात्र टिकले. पुण्यातल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५-१६ च्या हिवाळ्यात हवामान खात्याच्या साथीने दिल्ली विमानतळावर ‘वायफेक्स’ हा धुक्याचा प्रयोग सुरू केला. तापमान, आर्द्रता, वारा, हवेतले कण, जमिनीची उष्णता यांच्या नोंदी घेऊन संगणकी प्रारूप सुधारत नेले.

धावपट्टीवर दृश्यमानता मोजणारी उपकरणे असतात. महामार्गावर चालकाचे डोळे हेच उपकरण. दृश्यमानता २०० मीटरच्या खाली गेली की धुके ‘दाट’, ५० च्या खाली ‘अतिदाट’. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी बस सेकंदाला २२ मीटर पुढे जाते; ५० मीटर म्हणजे जेमतेम सव्वादोन सेकंद. समोर बंद पडलेला ट्रक दिसेपर्यंत ब्रेक लावायची वेळ टळलेली असते. अप्पर, म्हणजे दिव्यांचा लांब झोत, लावला तर प्रकाश थेंबांवरून उलटा डोळ्यांवर येतो. डिपर, म्हणजे खाली वळवलेला झोत, आणि कमी वेग हाच उपाय.

कोलकात्यातल्या अलीपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार इशारे देते. बस मात्र एका रात्रीत अनेक जिल्हे ओलांडते आणि धुके सर्वांत दाट असते त्या पहाटे ती उत्तरेकडच्या टापूत असते. चालकाला हवा आहे तो गाडीच्या वेळापत्रकाशी जुळवलेला अंदाज: कोणत्या टप्प्यावर, किती वाजता, किती मीटर दिसेल. तो गाडी सुटण्यापूर्वीच त्याच्या हाती पडावा. धुके असेल तर गाडी उशिरा सोडायचा किंवा वाटेत थांबवायचा अधिकार वाहतूक नियंत्रकाला असावा, आणि त्या उशिराचा ठपका चालकावर येऊ नये. विमान धुक्यासाठी थांबते तेव्हा कोणी वैमानिकाला बोल लावत नाही. बसमधल्या माणसांचा जीव तेवढाच मोलाचा आहे.